मला गोड करू नकोस

मीरा रोड, ९ जानेवारी २०२५

चि. साईराज,

तू मला फोनवर ब्लॉक केलंस म्हणून हे पोस्टाने. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही. अंधेरीचा पत्ता दिव्याने दिला. बहिणीवर चिडू नकोस, आईने तिच्यापुढे रडून तो काढून घेतला आणि नंतर मुद्दाम माझ्या समोरच्या टेबलावर ठेवला.

घर सोडताना तू जो लांबलचक मेसेज पाठवलास तो मी दोनदा वाचला. एकदा बाप म्हणून आणि एकदा दिग्दर्शक म्हणून. बाप म्हणून राग आला. दिग्दर्शक म्हणून कंटाळा आला.

‘मला क्रिएटिव्ह फ्रीडम हवंय.’ ‘तुम्ही माझ्यात सेल्फ-डाऊट भरलात.’ ‘माझ्या इनर लाइफला या घरात जागाच नाही.’ अरे, या घरात कपाटाला जागा नाही. वन बीएचकेत चार माणसं राहिली, त्यातल्या कुणाच्या इनर लाइफला वेगळी खोली मिळाली? आमच्या वेळी हे असलं काही आत वळवळायला लागलं की लोक सोडा प्यायचे. आणि डाऊट हा शब्द तू असा वापरतोस की जणू ते पदक आहे आणि ते छातीवर लावून तू अंधेरीला राहायला गेलायस.

भांडण कशावरून झालं ते एकदा लिहून ठेवतो, कारण तुझ्या मेसेजमध्ये ते सोयीस्करपणे गाळलंय. तू स्टँड-अप करतोस, म्हणजे एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन स्वतःच्या घरच्यांबद्दल बोलतोस. तुझा एक व्हिडिओ चालला. विषय मी. कंपनीच्या नाटकमंडळीत जन्मभर नाटकं बसवलेला बाप घरातही सगळ्यांना दिग्दर्शन कसं करतो, यावर दहा मिनिटं. आजी गेली तेव्हा मी रडणाऱ्या आत्याला म्हणालो, ‘जरा उजेडात ये.’ आई चहा मागते तेव्हा मी म्हणतो, ‘पुन्हा म्हण. पोटातून!’ तेव्हापासून आमच्या सोसायटीत मला कुणी नमस्कार करत नाही. लिफ्टमध्ये शेठ भेटतो, म्हणतो, ‘अंकल, पेट से!’ केबिन रोडला भाजी घ्यायला गेलो, तिथेही एका पोराने ओळखलं.

याचा मला राग आला असं तुला वाटतं. तू माणूस म्हणूनही मला ओळखलं नाहीस. आत्याला मी तसं म्हणालो होतो, नाकारत नाही. ती खरंच अंधारात रडत होती. मला राग आला तो नक्कल वाईट होती म्हणून. ‘पोटातून’ म्हणताना मी मान वर करत नाही, खाली घालतो. तू मला सर्कशीतल्या रिंगमास्तरासारखा उभा केलास. मी असा असतो का? तुझे ते सारख्या दाढीचे तीन मित्र जेवायला आले होते, त्यातला एक म्हणाला, ‘अंकल, कैसा लगा वीडियो?’ मी खरं ते सांगितलं. ‘नक्कल करायलाही अक्कल लागते.’ तू ताट सरकवलंस, आणि आठवड्याच्या आत बॅग भरलीस.

बापाच्या आवाजातून सुटायचं म्हणून घर सोडलंस. आणि पोट कशावर भरतोस? बापाचाच आवाज काढून.

महिपत
(तुझ्या धंद्याचा कच्चा माल)

*

मीरा रोड, ७ फेब्रुवारी

साईराज,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती, कारण उत्तर द्यायला वाक्य पूर्ण करावं लागतं.

बोरिवलीत तुझा कार्यक्रम होता, त्या तळघरातल्या कॅफेत. मी आलो होतो. तू पाहिलं नाहीस, कारण मी खांबामागे बसलो होतो आणि टोपी घातली होती. आईला सांगितलं होतं डोळे तपासायला जातोय. तिकिटाबरोबर काहीतरी पिणं सक्तीचं होतं, म्हणून एक गार कॉफी घेतली. तिची चव तुझ्या कार्यक्रमासारखीच होती. गोड, फेसाळ आणि तळाशी काही नाही.

काय बोललास तू? ट्रॅफिकबद्दल. शेअर रिक्षात चौथा माणूस कसा बसतो त्याबद्दल. मुलींना मेसेज पाठवल्यावर दोन निळ्या खुणा येतात त्याबद्दल. लोक हसले. कसे हसले ठाऊक आहे? सत्यनारायणाच्या पूजेत भटजी विनोद करतात तेव्हा हसतात तसे. माझं नाव नाही, घराचं नाव नाही. मला काढून टाकलंस! त्या जागी काय ठेवलंस? काहीच नाही. सभ्य झालास.

वाईट नक्कल परवडली रे. निदान तिच्यात कुणीतरी कुणावर तरी चिडलेलं होतं. त्या दिवशी स्टेजवर एक नम्र मुलगा उभा होता. तो कुणाचा, मला माहीत नाही.

आणि आता दिव्या सांगते की तू शो बंद केलेत, ‘ब्रेक’ घेतलायस आणि एका बिल्डरच्या जाहिराती लिहितोस. काशीमिऱ्याच्या पुढे, जिथून पलीकडे जुनी मिठागरं दिसायची, तिथे आता एक भला मोठा बोर्ड आहे. ‘स्वप्नांना पत्ता मिळतो.’ हे वाक्य तुझं आहे म्हणे. मी बसमधून ते वाचलं आणि शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणालो, काय भिकार लिहिलंय. तो म्हणाला, ‘हो ना.’ मीरा रोडमध्ये पहिल्यांदाच कुणाशी माझं इतक्या पटकन एकमत झालं.

मग उतरल्यावर मागे वळून तो बोर्ड परत वाचला. का, ते विचारू नकोस.

आई म्हणते, थंडीत खोकला होतो तुला, ओवा भाजून ठेव. मी नुसता निरोप कळवतोय.

महिपत

*

मीरा रोड, १६ मार्च

साईराज,

हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं. मी तुझा धंदा करून पाहिला.

भाईंदरला केबिन रोडवर एका केकच्या दुकानाच्या वर दर गुरुवारी संध्याकाळी ओपन माइक होतं. नाव लिहायचं, पाच मिनिटं बोलायचं. चालवणारा रोशन नावाचा पोरगा आहे. दंडावर गोंदलेलं, बोलतो हिंदी-मराठी-इंग्लिशची मिसळ. मी नाव लिहायला गेलो तर म्हणाला, ‘काका, कोणाला सोडायला आलात?’

मी म्हटलं, ‘स्वतःला.’

आईला आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती कोथिंबीर निवडत होती, मान वर न करता म्हणाली, ‘काय बोलणार?’

‘त्याच्याबद्दल. तो माझ्याबद्दल बोलतो, मी त्याच्याबद्दल बोलेन.’

‘अहो, त्यापेक्षा त्याच्याशी बोला ना.’

तुझ्या आईला नाट्य कळत नाही.

माझ्या आधी सहा जण होते. त्यांच्याविषयी लिहून शाई फुकट घालवणार नाही. एक मुलगी आपल्या मांजराबद्दल बोलली, ते मांजरसुद्धा उठून गेलं असतं. एक जण मध्येच थांबून म्हणाला, ‘सॉरी, मी प्रोसेसमध्ये आहे.’ तुमच्या पिढीचं सगळंच प्रोसेसमध्ये असतं, बाहेर काही पडत नाही.

मग मी. पाच मिनिटं घोटून पाठ केली होती. तू लहानपणी न्हाव्याच्या खुर्चीत बसायला घाबरायचास. कॉलेजच्या फॉर्मवर छंदापुढे ‘विचार करणे’ लिहिलं होतंस. घर सोडून गेलास तेव्हा प्रेशर कुकरची शिट्टी बरोबर नेलीस आणि कुकर इथेच ठेवलास. आईला तेव्हापासून डाळ शेजारच्यांकडे शिजवावी लागली, हे तुला ठाऊकही नसेल. सगळं नीट बोललो. आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत. माइक नको होता, पण रोशनने हातात दिलाच.

हसले. खूप हसले. शेवटी उभे राहिले. खाली आल्यावर पोरीबाळी फोटो काढायला जमल्या. एक म्हणाली, ‘अंकल, यू आर सो क्यूट!’ दुसरीने माझे गाल ओढले. गाल! एवढ्या आयुष्यात माझ्या गालाला कुणी हात लावायला धजलं नव्हतं.

घरी चालत आलो. रिक्षात बसावंसं वाटलं नाही. मी तिथे काय बोललो, ते त्यांच्यापैकी एकानेही ऐकलं नव्हतं. एक म्हातारा पाठ केलेलं न चुकता म्हणतोय, एवढंच त्यांनी पाहिलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात सशाचा मुखवटा घातलेल्या पोराला टाळ्या मिळतात, तशा मला मिळाल्या. मी वाईट बोललो असतो तरी तेवढ्याच मिळाल्या असत्या.

तुला पाडण्याची माझी संधी अशी गेली. आता तुला आनंद झाला असेल. होऊ दे.

महिपत

*

मीरा रोड, २१ एप्रिल

साईराज,

काल तू घरी आलास. तीन महिन्यांनी. आईने तुझ्यासाठी घावणे केले आणि तू जिना उतरून गेल्यावर ते सगळे झाकून ठेवले, खाल्ले कुणीच नाहीत. ती माझ्याशी बोलत नाहीये. दिव्याही नाही. घरात मी आणि टीव्ही, आणि टीव्हीशी माझं पटत नाही. म्हणून काल जे झालं ते लिहितो, तुझ्याच आरडाओरड्यात जे ऐकू आलं नसेल ते तरी वाचून कळेल.

तू बसलास. पाणी प्यालास. मग फोन काढलास. माझ्या केबिन रोडच्या पाच मिनिटांचा व्हिडिओ रोशनने टाकलाय आणि तो तुझ्या व्हिडिओच्याही पुढे गेलाय, हे मला तेव्हा कळलं. तू म्हणालास, ‘पप्पा, रोशनची आयडिया आहे. आपण दोघं एका स्टेजवर. बाप-बेटा. तुम्ही मला हाणा, मी तुम्हाला हाणतो, शेवटी मिठी. इथेच मीरा रोडला हॉल बघितलाय त्याने. हाऊसफुल होईल. मी ती बिल्डरची नोकरी सोडू शकतो.’

आई मागे उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला. इतके दिवस देवापुढे जे मागत होती, ते कुणीतरी हातात आणून ठेवल्यासारखा.

मी म्हटलं, ‘नाही.’

‘का?’

‘शेवटी मिठी म्हणालास म्हणून.’

‘मग मिठी नको. पप्पा, तुम्ही लोकांना आवडता!’

‘तेच तर म्हणतोय.’

मग तू उठलास आणि ओरडलास. ‘तुम्ही घाबरता! गावाला सगळ्यांना माहीत आहे. फायनलला स्टेजवर ब्लँक झालात, डायलॉग विसरलात, आणि तेव्हापासून स्वतः कधी नाटकात उभे राहिला नाहीत. फक्त दुसऱ्यांना शिकवलंत. तुमच्या भीतीची शिक्षा मला का?’ आईने तुझा दंड धरला. तू तो सोडवून गेलास.

बसून ऐक आता. वाचताना तरी उठून जाऊ नकोस.

मी डायलॉग विसरलो नव्हतो.

तू तेव्हा चार वर्षांचा होतास. कंपन्यांच्या नाट्यस्पर्धेची फायनल होती, दादरला. नाटकात मी नावाडी होतो. त्याची होडी उलटून माणसं गेलीत, आणि शेवटच्या अंकात तो गावापुढे उभा राहून बोलतो, बोलता बोलता रडतो. तालमीत ते रडणं मी असं काही बसवलं होतं की विंगेतला आमचा प्रॉम्प्टर सदू स्वतः डोळे पुसायचा. पण ते रडणं माझं नव्हतं. तरुणपणी एका मोठ्या नटाचं काम मी पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं होतं. हुंदका कुठे घ्यायचा, आवाज कुठे फाटू द्यायचा, शेवटचा शब्द कसा गिळायचा, सगळं त्याचं. कुणाला कळलं नाही. कुणाला कळणारही नव्हतं.

त्या संध्याकाळी मी बोलायला लागलो आणि पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. अजून रडायची जागा आलीही नव्हती! मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला त्यांची किळस आली. इतकं स्वस्त? दुसऱ्याचा हुंदका मी विकतोय आणि या घेतायत? पुढच्याच क्षणी ती किळस माझ्याकडे वळली. म्हटलं, एक वाक्य, एकच, स्वतःच्या आवाजात बोलू. आणि थांबलो. तो आवाज यायची वाट बघत उभा राहिलो.

आला नाही.

सदू विंगेतून वाक्य सांगत होता. आधी हळू, मग मोठ्याने. शेवटी तर पहिल्या तीन रांगांना ऐकू गेलं. मलाही ऐकू येत होतं, प्रत्येक शब्द पाठ होता. पण म्हटला असता तर तो पुन्हा त्याच नटाच्या तोंडून आला असता. मी तोंड मिटून उभा राहिलो. शेवटी कुणीतरी पडदा ओढला.

आत गेल्यावर सगळे म्हणाले, विसरलास, होतं असं, मोठमोठ्यांचं होतं. मी म्हटलं, हो. विसरणाऱ्याला लोक चहा देतात. जाणूनबुजून थांबणाऱ्याला मारलं असतं त्यांनी. तू रडायला लागला होतास म्हणून आई तुला घेऊन आधीच बाहेर गेली होती. तिने काही पाहिलं नाही. तिलाही मी तेच सांगितलं.

तुझ्या मेसेजमधल्या त्या मोठमोठ्या शब्दांना मी हसतो ते याच्यासाठी. डाऊट म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. तो इन्स्टाग्रामवर टाकायला सुचत नाही. तो भरल्या हॉलमध्ये माणसाचं तोंड बंद करतो, आणि मग जन्मभर दुसऱ्यांना ‘पोटातून’ म्हणायला लावतो, कारण स्वतःच्या पोटात काय आहे ते बघायची हिंमत नसते. फ्रीडमचं विचारतोस? पडदा पडेपर्यंत मी जेवढा वेळ गप्प उभा होतो, तेवढा वेळ मी मोकळा होतो. फार भयंकर होतं. पुन्हा मागितलं नाही.

आणि आता तू मला बोलावतोस पुन्हा लोकांना रडवायला. नावाड्याच्या जागी गोड म्हातारा, हुंदक्याच्या जागी मिठी. समोरचे तेच, ठरलेल्या जागेच्या आधीच पाघळणारे. त्यांना मी कोण आहे ते बघायचं नाही. आणि वाईट याचं की तू त्यांच्यात जाऊन बसलायस.

ही गोष्ट घे. तुला हवी तशी वापर. परवानगी मागू नकोस, मागितलीस तर देणार नाही. मला लबाड कर, भेकड कर, हास्यास्पद कर. गोड करू नकोस. आणि एकटा उभा राहा.

महिपत

*

मीरा रोड, ३० जून

साईराज,

काल मी आणि आई तुझ्या कार्यक्रमाला आलो. यावेळी खांब नव्हता, म्हणून उघड्यावर बसलो.

तू दोन महिने एक अक्षर कळवलं नाहीस. फक्त दिव्याच्या हाती दोन तिकिटं. मी जाणार नव्हतो. आई साडी नेसून दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘मी जातेय. तुम्ही कुलूप लावून या, नाहीतर कुलपाच्या आत राहा.’

हॉल अर्धाच भरला होता. बाप-बेटा नसल्यावर एवढेच येणार. तू शेवटी ती गोष्ट सांगितलीस. नावाडी तू कोळी केलास, दादर सोडून ठाणं केलंस, सदूला उगाच तोतरा केलास. तेवढ्या भागाला ते हसले. मग तू त्या बायकांच्या पदरापर्यंत आलास आणि माझ्याबद्दल म्हणालास, ‘हा माणूस लोकांचा इतका तिरस्कार करतो की त्यांच्यासमोर रडायचंसुद्धा टाळलं. आणि मी त्याचाच मुलगा आहे. मला तुम्ही आवडत नाही. तुम्ही हसलात की तर अजिबात नाही.’ कुणी हसलं नाही. दोघंतिघं उठून गेले. पुढच्या रांगेतला एक जण फोन बघायला लागला. तू त्याच्याकडे बघत राहिलास, आणि तरीही पुढचं वाक्य बोललास. नंतरचंही. टाळ्या थोड्याच झाल्या, तुटक, जागा न कळल्यासारख्या.

रोशन दारात भेटला. म्हणाला, ‘काका, शो थोडा जड झाला ना?’ मी म्हटलं, ‘तू केक विक.’

परत येताना शेअर रिक्षात आई माझ्या शेजारी होती. बाहेर बघत होती. मला वाटलं, तिला धक्का बसला असणार. इतकी वर्षं नवऱ्याने खोटं सांगितलं, ते भर हॉलमध्ये मुलाच्या तोंडून ऐकावं लागलं. मी म्हटलं, ‘सुगंधा, ते त्या वेळी मी तुला...’

‘मी दारात उभी होते,’ ती म्हणाली.

‘कुठल्या दारात?’

‘दादरला. हा रडत होता म्हणून उठले, पण बाहेर नाही गेले. दारातून तुमचा चेहरा सरळ दिसत होता. विसरलेला माणूस कसा दिसतो ते मला माहीत नाही का? तुम्ही रोज काहीतरी विसरता. किल्ली, दूध, औषध. तेव्हा तुम्ही कावरेबावरे होता. त्या दिवशी तुम्ही शांत उभे होतात.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्हाला तेवढं एकच स्वतःपाशी ठेवायचं होतं. म्हटलं, ठेवू दे.’

समोर बसलेला माणूस आमच्याकडे बघत होता. आईने पदर सावरला आणि त्याला हिंदीत विचारलं, ‘भाईसाब, नाका आया क्या?’

आयुष्यभर घरातल्या माणसांना उजेडात उभं करत आलो, आणि ही बाई दारातून मला बघत होती. नाक्यावर उतरलो. तिने पैसे दिले, कारण मी पाकीट विसरलो होतो.

तुझ्या कामाबद्दल. सुरुवात ढिली. मधली पंधरा मिनिटं फेकून दे. सदूला तोतरा करणं हलकटपणा आहे, तो माणूस हयात आहे आणि चांगला बोलतो. हात कुठे ठेवायचे ते तुला अजून कळत नाही. शेवटी ‘थँक यू’ म्हणालास, ते कशाला? कुणी काय दिलं होतं तुला? अजून बरंच आहे, आणि सगळं वाईट आहे, एवढ्या कागदावर मावणार नाही.

रविवारी जेवायला ये. उत्तनहून सुके बोंबील आणतो. आधी जेव, मग बोलू.

महिपत